युनियनने निवडणुकीत पाठिंबा जाहीर केला आणि सभासद दुभंगले: आता काय करता येईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मस्टरवर साधारण चारशे कामगार, त्यातले तीनशेच्या आसपास युनियनचे सभासद. कमिटीने सर्वसाधारण सभा न घेताच येत्या विधानसभा निवडणुकीसाठी एका पक्षाला पाठिंबा जाहीर केला. युनियनच्या लेटरहेडवर पत्रक निघालं, बावटे लावून बस भरून माणसं सभेला नेली. पत्रकात ‘नोकऱ्यांत गोंयकारांना (म्हणजे मूळच्या गोवेकरांना) आधी’ अशी एक ओळ होती, त्यामुळे सावंतवाडी-बांदा-दोडामार्गहून येणारे कामगार दुखावले. काहींनी पगारातून वर्गणी कापू नका असा अर्ज दिला. शंभरावर लोक नवी युनियन काढायच्या गोष्टी करताहेत. अध्यक्ष बाहेरचे, वकील आहेत आणि स्वतः तिकिटाच्या मागे आहेत अशी कुजबुज आहे. सेटलमेंटची, म्हणजे मॅनेजमेंटबरोबरच्या पगाराच्या कराराची, मुदत डिसेंबरअखेर संपते. पक्ष कोणता हे विचारणाऱ्याने लिहिलेलं नाही, आणि उत्तर देण्यासाठी मला ते कळायची गरजही नाही.

गोव्यात युनियनच्या कामात आणि सेटलमेंटच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली, त्या अनुभवावरून लिहितो. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: तुमच्याकडचं भांडण पक्षाचं आहे असं सगळ्यांना वाटतंय, पण ते पक्षाचं नाही. हाच निर्णय तुमच्या आवडीच्या पक्षासाठी, याच पद्धतीने झाला असता तर तुम्ही गप्प बसला असता, आणि आज गप्प असलेले दुसरे शंभर जण चिडले असते. भांडण आहे ते कुणी, कुणाला विचारून आणि कुणाच्या पैशाने ठरवलं याचं. ते त्याच मुद्द्यावर लढलात तर जिंकाल. पक्षावर लढलात तर कारखाना दोन गटांत फुटेल आणि डिसेंबरात मॅनेजमेंटला बसल्या जागी फायदा होईल.

पैशापासून सुरू करतो, कारण कायदा सगळ्यात स्पष्ट तिथे आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात कलम १६ होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, आणि तीच तरतूद आता संहितेच्या कलम १५ मध्ये आहे. युनियनला राजकीय कामासाठी खर्च करता येतो, पण सर्वसाधारण निधीतून नाही. त्यासाठी वेगळा निधी लागतो, आणि त्याची वर्गणीही वेगळी घ्यावी लागते. त्या निधीला पैसे देण्याची सक्ती कुठल्याही सभासदावर करता येत नाही. जो देणार नाही त्याला युनियनच्या कुठल्याही लाभापासून दूर ठेवता येत नाही. फार तर त्या निधीच्या कारभारात त्याला स्थान नसेल. सभासद करून घेताना ‘राजकीय निधीला पैसे देणार का’ अशी अट घालता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न खजिनदाराला विचारा: बसचं भाडं, पत्रकाची छपाई, बावटे, चहापाणी हे कुठल्या खात्यातून गेलं? वेगळा निधी आहे का? नसेल, आणि पैसे दर महिन्याच्या वर्गणीतून गेले असतील, तर ते बेकायदेशीर आहे, पक्ष कुठलाही असो. हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी पाहायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. तोंडी मागू नका. दोन ओळींचा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. युनियनला दरवर्षी तपासलेला हिशेब रजिस्ट्रारकडे पाठवावा लागतो, म्हणजे पणजीत पाटोवर श्रम शक्ती भवनात. मागच्या वर्षीचं विवरणपत्र तिथे गेलंय का, हेही विचारा. माझा अनुभव असा की कमिटीतली निम्मी माणसं या एका अर्जाने जागी होतात. त्यांनाही हे ठाऊक नसतं. बस कुणीतरी ठरवली, बिल कुणीतरी दिलं, आणि खजिनदाराने व्हाउचरवर ‘प्रवासखर्च’ लिहून टाकलं, एवढंच घडलेलं असतं.

कमिटीला आणखी एक धोका दिसत नाही. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात, पत्रकं यांवर खर्च करणं हा निवडणुकीशी संबंधित गुन्हा आहे. आणि परवानगी घेतली तर तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो. २०२२ मध्ये गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराची मर्यादा २८ लाख रुपये होती. म्हणजे पत्रकावर सही करणारा सरचिटणीस दोन्हीकडून अडकतो. हे त्याला शांतपणे, एकांतात सांगा. गेट मिटिंगमध्ये ओरडून सांगितलंत तर तो हट्टाला पेटेल.

आता अधिकाराचा प्रश्न. पाठिंबा जाहीर करायचा अधिकार कमिटीला आहे का, हे तुमच्या युनियनच्या घटनेत लिहिलेलं असेल किंवा नसेल. बहुतेक घटना जुन्या नमुन्यावरून उतरवलेल्या असतात, आणि त्यात राजकीय पाठिंब्याबद्दल अक्षरही नसतं. अशा वेळी कमिटी म्हणते, ‘मनाई कुठे आहे?’ आणि विरोधक म्हणतात, ‘परवानगी कुठे आहे?’ दोघांचं म्हणणं निम्मं बरोबर असतं. कमिटीला दैनंदिन कारभाराचा अधिकार असतो. तीनशे लोकांच्या नावाने मत मागणं दैनंदिन कारभारात बसत नाही, असं माझं मत आहे, आणि सर्वसाधारण सभेत ते पटवून देता येतं.

फेडरेशनने ठराव केला म्हणून आम्ही केला, असंही कमिटी सांगेल. संलग्न युनियनची नोंदणी स्वतंत्र असते, घटना स्वतंत्र असते. वरचा ठराव तुमच्यावर बांधील आहे असं तुमच्याच घटनेत लिहिलेलं नसेल तर तो सल्ला समजायचा. आपल्या देशात केंद्रीय संघटना पक्षांच्या राजकारणाबरोबरच निघत आणि फुटत आल्या आहेत: १९२० मध्ये आयटक, १९४७ मध्ये इंटक, १९४८ मध्ये हिंद मजदूर सभा, १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ, १९७० मध्ये सिटू. पण वरची माणसंसुद्धा नेहमी पक्षाच्या मागे गेलेली नाहीत. दत्तोपंत ठेंगडींनी मजदूर संघ उभा केला, आणि वाजपेयी सरकारच्या आर्थिक धोरणांवर जाहीर टीकाही त्यांनीच केली. ९ जुलै २०२५ चा देशव्यापी संप दहा केंद्रीय संघटनांनी पुकारला, मजदूर संघ त्यात नव्हता. म्हणजे वरच्या पातळीवरही प्रत्येक वेळी निवड केली जाते. मग कुंडईच्या कामगाराने निवड केली तर त्यात गैर काय?

आता कमिटीची बाजू. ती ऐकल्याशिवाय तुम्ही सभेला गेलात तर हराल, आणि तीत दम आहे.

गोव्यात कामगाराचे बरेच प्रश्न कारखान्याच्या गेटवर सुटतच नाहीत, पर्वरीला विधानसभेत नाहीतर दिल्लीत सुटतात. खाणींचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्याला काम थांबलं. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या खाण कामगाराचा पगार कुठल्या मॅनेजरच्या हातात होता? कुणाच्याच नाही. त्याला कायदा बदलून हवा होता, आणि कायदा आमदार-खासदार बदलतात. म्हणून खाण कामगारांच्या संघटनेने राजकारण्यांचे उंबरे झिजवले. कदंब महामंडळाचंही तेच: १९८० पासूनची सरकारी परिवहन सेवा, ड्रायव्हर-कंडक्टरच्या मागण्यांची फाईल शेवटी सरकारच्या टेबलावर जाते. तिथले युनियन नेते मंत्र्याकडे गेले तर त्यांना पुढारीपणाची हौस आहे असं म्हणणं अन्याय आहे.

शिवाय मतांचं गणित. गोव्यात मतदारसंघ चाळीस आणि लहान. २०२२ मध्ये फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला, सांत आंद्रेचा ७६ मतांनी. असल्या जागी तीनशे कामगारांचा पुढारी चहाला बोलावला जातो, त्याचा फोन उचलला जातो. ते त्याच्या डोक्यात जातं हे खरं. पण त्यातून कधी कधी कामही होतं: अडलेली परवानगी, बंद पडलेली बस फेरी, ईएसआय दवाखान्यातला डॉक्टर.

आता या गणितातली खोट. तुमच्या कारखान्यातले कामगार फोंडा तालुक्यातले किती? कुणी डिचोलीचा, कुणी वाळपईचा, कुणी पेडण्याचा, कुणी पत्रादेवीचा नाका ओलांडून रोज मोटारसायकलवर येणारा. त्याचं मत महाराष्ट्रात. तीनशेतले एका मतदारसंघात पन्नास निघाले तरी खूप. तेवढेही पत्रक वाचून मत देत नाहीत; घर, वाडा, देवस्थान, जुनी ओळख, सरपंच हे बघून देतात. गोव्यात हे नवीन नाही. खाणपट्ट्यात लाल बावट्याखाली संप करणारा कामगार मतदानाला गेला की मगो म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या सिंहावर शिक्का मारायचा, आणि त्या पक्षाचे नेते, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक होते. त्या कामगाराला त्यात विसंगती वाटत नव्हती. पगारासाठी एक माणूस, गावासाठी दुसरा, असा त्याचा सरळ हिशेब होता. मला तो हिशेब आजही शहाणपणाचा वाटतो. तुमच्या कमिटीने पक्षाला जी मतं देऊ केली ती तिच्या खिशात नव्हतीच, आणि उमेदवाराला हे कमिटीपेक्षा जास्त चांगलं कळतं.

दुसरी खोट तर गोव्यात सगळ्यांना पाठ आहे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी भाजपची वाट धरली. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात फुटणार नाही म्हणून शपथा घेतल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवडून आलेल्या अकरापैकी आठ गेले. यात कुणाची बाजू घेत नाही, ज्याचं त्याने ठरवावं. पण युनियनने एका पक्षाला पाठिंबा दिला आणि सहा महिन्यांत आमदार दुसऱ्या पक्षात असला, तर तुमचा ठराव कुणाला लागू होतो? युनियनला राजकारण करायचंच असेल तर मागण्यांवर करावं. कंत्राटी कामगारांना समान कामाला समान दाम, किमान वेतनाची सुधारणा, रात्रपाळीनंतरची बस, वसाहतीतलं पाणी. मागण्या छापा, सगळ्या उमेदवारांना पाठवा, कुणी काय उत्तर दिलं ते नोटीस बोर्डावर लावा. सभासदाला ते वाचून काय करायचं ते करू द्या. आमदाराने पक्ष बदलला तरी बोर्डावरचं त्याचं उत्तर बदलत नाही, आणि पुढच्या वेळी ते त्याच्यासमोर धरता येतं.

आता त्या एका ओळीबद्दल, ‘गोंयकारांना आधी’. सगळ्यात जास्त नुकसान तिने केलंय, आणि कमिटीला त्याचा अंदाज नसावा.

स्थानिकांना नोकऱ्या हा गोव्यात खोटा प्रश्न नाही. सत्तरीतला आयटीआय झालेला मुलगा घरी बसलाय आणि वसाहतीत बाहेरून ट्रक भरून माणसं येताहेत, हे दृश्य रोजचं आहे. रिव्होल्युशनरी गोवन्स या नव्या पक्षाने याच भावनेवर २०२२ मध्ये सांत आंद्रेची जागा काढली, तीच ७६ मतांवाली. जुने पक्षही आता तीच भाषा थोडी मऊ करून बोलतात. पण पक्षाच्या व्यासपीठावर जे वाक्य चालतं ते युनियनच्या लेटरहेडवर चालत नाही, कारण पक्षाला मतदार हवा असतो आणि युनियनला संपाच्या दिवशी यंत्रापाशी उभा असलेला माणूस हवा असतो. तो माणूस बांद्याचा असेल, धारवाडचा असेल, ओडिशाचा असेल. त्याला तुम्ही ‘भायलो’ (बाहेरचा) म्हटलंत की मॅनेजमेंटला त्याला वेगळं काढायला कष्ट पडत नाहीत. एका वसाहतीत मी हे घडताना पाहिलं: कायम कामगारांनी काम बंद ठेवलं, कंत्राटदाराच्या माणसांनी लाईन चालू ठेवली, आणि त्यातला एक जण मला म्हणाला, ‘साहेब, आम्हाला त्यांनी कधी आपलं मानलं?’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सिंधुदुर्गाच्या कामगारांची गोष्ट आणखी विचित्र. त्यांची भाषा तीच, देव तेच, सोयरीक अर्धी डिचोलीत आणि पेडण्यात. गेट मिटिंग कोकणीत होते, पत्रक मराठीत निघतं, मॅनेजमेंटची नोटीस इंग्रजीत लागते. या तिन्हींत त्यांना कधी परकं वाटलं नाही. आज वाटलं ते या ओळीने. स्थानिकांचा प्रश्न युनियनला मांडायचाच असेल तर तो नव्या भरतीबद्दल मांडावा: भरती जाहीर करून करा, कंत्राटदाराच्या मागच्या दाराने करू नका, आयटीआयला कळवा. त्यात आज काम करणाऱ्या कुणाचा अपमान होत नाही. कमिटीने ती ओळ लेखी मागे घ्यावी, ही तुमची पहिली मागणी ठेवा. पाठिंबा मागे घेण्यापेक्षा हे कमिटीला सोपं जाईल, आणि निम्मं वातावरण तेवढ्याने निवळेल.

नव्या युनियनबद्दल मात्र कडक सांगतो: काढू नका, निदान आत्ता नाही.

संहितेच्या कलम १४ मध्ये वाटाघाटीचा नवा नियम आहे. एका आस्थापनेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी बोलणी करते. तेवढा कुणाकडेच नसेल तर वाटाघाटी परिषद होते, आणि किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांना त्यात जागा मिळते. आता तुमचे आकडे घाला. चारशेचे ५१ टक्के म्हणजे २०४. आज तुमच्याकडे तीनशे आहेत, एकमेव युनियन आहे, निवांत आहात. त्यातले ११० बाहेर पडले तर जुनीकडे १९० उरतात, म्हणजे साडेसत्तेचाळीस टक्के. एकट्याने बोलायचा हक्क गेला. नवीकडे साडेसत्तावीस टक्के. दोघींची परिषद होणार.

‘मग आम्हालाही खुर्ची मिळाली की!’ असं तुम्ही म्हणाल. मिळाली, पण परिषदेतला करार प्रतिनिधींच्या बहुमताने होतो. प्रतिनिधी सभासदसंख्येच्या प्रमाणात, दर २० टक्क्यांमागे एक. हिशेब कसाही मांडा, जुन्या युनियनची माणसं तिथे जास्त बसणार. म्हणजे ज्या कमिटीवर चिडून तुम्ही बाहेर पडलात तिचंच चालणार, फक्त आता तुम्हाला तिला सर्वसाधारण सभेत जाब विचारता येणार नाही, कारण तुम्ही तिचे सभासद राहिलेला नाहीत. आणि मॅनेजमेंट दोघींच्या मागणीपत्रांतला फरक दाखवत सहा महिने सहज काढेल. ही मान्यता तीन वर्षं टिकते, परस्पर संमतीने पाच वर्षांपर्यंत. रागाच्या भरात केलेली फाटाफूट एका पूर्ण सेटलमेंटभर भोगावी लागते.

वर्गणी थांबवणं हीसुद्धा तशीच चूक. बहुतेक घटनांत काही महिने वर्गणी थकली की सभासदत्व जातं किंवा मताचा हक्क जातो. निषेध म्हणून कपात थांबवणारे ऐन सभेच्या दिवशी दारात अडवले जातात, आणि अडवणारा सरचिटणीस नियमाने बरोबर असतो. ज्यांनी अर्ज दिलेत त्यांना तो आजच मागे घ्यायला सांगा. मागची बाकी असेल तर भरून पावती घ्या.

मग करायचं काय? विशेष सर्वसाधारण सभेची मागणी करा. घटनेत त्यासाठी किती सह्या लागतात ते पाहा, आणि त्याहून जास्त गोळा करा. सह्या तिन्ही पाळ्यांतून, सगळ्या गावांच्या, आणि शक्य असेल तर त्या पक्षाला मत देणाऱ्यांच्याही घ्या. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. ‘मी त्याच पक्षाचा, पण मला विचारलं नाहीत’ असं म्हणणारे पाच सभासद तुमच्या बाजूला असले तर ‘हे विरोधी पक्षाचं कारस्थान’ हा कमिटीचा एकमेव बचाव संपतो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी सभा घ्या. चवथीनंतर अर्धे लोक गावी असतात आणि मग बोनसशिवाय कुणाला काही सुचत नाही.

सभेपुढे कमिटीवर अविश्वासाचा ठराव आणू नका. डिसेंबर तोंडावर असताना सेटलमेंटचा अनुभव असलेली माणसं घालवणं परवडणारं नाही, आणि अविश्वास म्हटलं की लोक माणसं बघून हात वर करतात. त्याऐवजी घटनादुरुस्ती आणा. याला आत्ता चांगलं निमित्तही आहे. जुन्या कायद्याखालची नोंदणी संहितेत चालू धरली जाते, पण घटना नव्या तरतुदींशी जुळवून तसं निवेदन रजिस्ट्रारला द्यावं लागतं. म्हणजे घटना कमिटीला उघडावीच लागणार आहे. त्यात हे कलम घाला: युनियनच्या नावाने कुठल्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा द्यायचा तर गुप्त मतदानाने, हजर सभासदांच्या दोन तृतीयांश बहुमताने, नाहीतर नाही. राजकीय निधी काढायचा तर वेगळी पावती, वेगळं खातं, लेखी संमती. आणि पदाधिकाऱ्याने व्यक्ती म्हणून प्रचार करायला हरकत नाही, तो त्याचा नागरिक म्हणून हक्क आहे, पण लेटरहेड, शिक्का आणि बावटा वापरायचा नाही, नावापुढे युनियनचं पद लावायचं नाही. गुप्त मतदानाचा आग्रह धरा. हात वर करून मतदान घेतलंत तर सुपरवायझरच्या खबऱ्यासमोर आणि गावच्या पुढाऱ्याच्या पुतण्यासमोर कोण काय करेल ते तुम्हाला ठाऊक आहे.

कमिटीने सभा बोलावलीच नाही तर? आधी लेखी स्मरणपत्र, मग रजिस्ट्रारकडे तक्रार. युनियनचा कारभार आणि पदाधिकाऱ्यांची निवडणूक यांबद्दल सभासद आणि युनियन यांच्यातला वाद आता संहितेप्रमाणे ट्रायब्युनलपुढे (औद्योगिक न्यायाधिकरणापुढे) जातो, दिवाणी कोर्टात नाही. पण तिथे गेलात की वेळ जातो, आणि वेळ तुमच्याकडे नाही. ट्रायब्युनलची भीती दाखवून सभा मिळवा. प्रत्यक्ष जाणं शेवटचं.

मागणीपत्राचं काम या सगळ्यापासून अलग ठेवा. त्यासाठी वेगळी उपसमिती करा: दोन कमिटीचे, दोन नाराज गटाचे, एक सिंधुदुर्गाचा. बैठकीत निवडणुकीचा शब्द काढायचा नाही, ही अट. व्हॉट्सअॅप ग्रुपवर राजकीय पोस्ट बंद, ॲडमिन दोन्ही गटांचे. काम बंद ठेवायची वेळ आलीच तर आता प्रत्येक कारखान्यात संपाची चौदा दिवस आधी नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकदम रजा टाकली तरी तो संप धरला जातो. बेकायदेशीर संपात सामील कामगाराला एक ते दहा हजार रुपये दंड किंवा महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. फुटलेल्या युनियनच्या नोटिशीला मॅनेजमेंट विचारत नाही, आणि नोटिशीशिवाय उतरलात तर दंड तुमच्या खिशातून.

राहिले अध्यक्ष. बाहेरचा पदाधिकारी असणं चूक नाही. कायदा एक तृतीयांश किंवा पाच, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे बाहेरचे चालवून घेतो. चांगला वकील मिळाला तर युनियनचं सोनं होतं. आमदार झाले तरी ते अध्यक्ष राहू शकतात. मंत्री झाले तर नाही; मंत्र्याला युनियनचा पदाधिकारी राहता येत नाही, ही अट २००१ च्या दुरुस्तीने आली. आणि गोव्यात हे दूरचं समजू नका: चाळीस आमदारांत मुख्यमंत्री धरून बारा मंत्री होऊ शकतात. त्यांना तिकीट मिळालंच तर प्रचाराच्या काळात त्यांनी अध्यक्षपदावरून रजेवर जावं आणि सूत्रं कामगारांतल्या उपाध्यक्षाकडे द्यावीत, असं कलम याच दुरुस्तीत घाला. सेटलमेंटवर सही कारखान्यात काम करणाऱ्या माणसाची असली पाहिजे, हेही लिहून ठेवा. अध्यक्षांना हे सांगायला कमिटीतल्या सगळ्यात जुन्या माणसाला पाठवा, त्यांच्या ऑफिसात, सभेच्या आठवडाभर आधी. त्यांनी स्वतःच ठराव मांडायचं कबूल केलं तर सभा अर्ध्या तासात संपेल.